आजीच्या पोतीतला क्रूस मी गळ्यात घालावा का?

रात्रपाळी

सगळ्यांना सलाम. मी राहुरीकडची, सध्या पुण्यात स्टाफ नर्स आहे. जानेवारीत आजी वारली. तिला शवपेटीत ठेवायच्या आधी आत्यानं तिच्या गळ्यातली पोत उतरवली, दोन वाट्यांच्या मधला सोन्याचा क्रूस सोडवला आणि माझ्या मुठीत दिला. "तू तिचं सगळं केलंस, हा तुझा," एवढंच म्हणाली.

आजोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी आजीनं पोत काढली नव्हती. कुणी बोललं तर म्हणायची, "ह्यात दोघांचं नाव आहे. एक गेला, दुसरा जात नसतो."

क्रूस नखाएवढाच आहे. 1964 साली लग्न ठरलं तेव्हा गावच्या सोनारानं असलं काही कधी घडवलं नव्हतं. आजोबांनी ओल्या बोटानं त्याच्या पाटावर काढून दाखवलं. त्यानं चारही हात सारख्या लांबीचे केले, त्यामुळं तो बेरजेच्या चिन्हासारखा दिसतो. त्यातला एक हात झिजून पत्र्यासारखा पातळ झालाय. प्रार्थना करताना आजी तोच चिमटीत धरायची आणि अंगठा फिरवत राहायची. बाजरी निवडतानासुद्धा, मधेच थांबून.

मी तो काळ्या दोऱ्यात ओवून घालायला लागले. पप्पांना आवडलं नाही. ते म्हणाले, "वधस्तंभ उचलायला सांगितलाय, अडकवायला नाही." आमच्या मंडळीत बायकांच्या पोतीत सोडला तर गळ्यात क्रूस घालायची पद्धत फारशी नाहीच.

आयसीयूत गळ्यात काही चालत नाही. तो नियम मला मान्य आहे आणि ड्यूटीवर मी तो काढूनच ठेवते. पण गेल्या आठवड्यात कपडे बदलून घरी निघाले होते. जिन्यात नातेवाईक चटया टाकून झोपतात, तिथं एका पेशंटच्या आईनं हात धरला. तिचा सतरा वर्षांचा मुलगा आमच्याकडं व्हेंटिलेटरवर आहे. माझ्या गळ्याकडं बघून म्हणाली, "सिस्टर, हा ताईत कुठला? माझ्या पोराला बांधाल का?"

मी म्हणाले, "मावशी, ताईत नाही हा." "मग काय आहे?" ह्याचं उत्तर मला देता आलं नाही. जन्मापासून ख्रिस्ती आहे, दृढीकरण, म्हणजे मोठेपणी मंडळीपुढं विश्वास कबूल करायचा विधी, झालंय, दर रविवारी उपासनेला जाते, आणि दोन वाक्यं तोंडातून फुटली नाहीत. तेव्हापासून क्रूस डब्यात आहे. जे सांगता येत नाही ते घालावं का? आणि घालायचं तर त्याचा अर्थ त्या मावशींना कळेल असा कसा सांगायचा?

नगरचे गुरुजी

सलाम, बेटा. आजीच्या जाण्याचं वाईट वाटलं.

पप्पांचं म्हणणं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातलं आहे, आणि ते खरंच आहे. प्रभूनं रोज उचलायला सांगितलं. पण मला वाटतं, ज्या बाईनं साठ वर्षं त्यावर अंगठा फिरवला तिनं उचललंही असेल.

आधी शब्दाकडं बघ. आपल्या मराठी बायबलमध्ये 'वधस्तंभ' आहे, वसईकडचे कॅथलिक लोक पोर्तुगीजांकडून आलेला 'क्रूस' म्हणतात. लाकूड एकच, पण वधस्तंभ म्हटलं की त्यातला वध कानावर येतो. रोमन लोकांत ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना होती. रोमचा वक्ता सिसेरो म्हणतो, रोमन नागरिकाच्या डोळ्यांना, कानांना, मनालासुद्धा हा शब्द शिवू नये. इतकी ती लाजिरवाणी होती. मारताना नागवं करत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशा जागी टांगत.

म्हणून पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोक सहसा क्रुसाचं चित्र उघड काढत नसत. मासा काढत, कारण 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' ह्या ग्रीक शब्दांची पहिली अक्षरं जोडली की माशाचा ग्रीक शब्द होतो. जहाजाचा नांगर काढत. क्रुसावरच्या येशूच्या अगदी जुन्या चित्रांपैकी एक तर चेष्टेचं आहे. रोमच्या पॅलाटाईन टेकडीवर 1857 मध्ये भिंतीवर ओरखडलेलं एक चित्र सापडलं, साधारण इसवी सन 200 च्या सुमाराचं. क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर केलेला एक पोरगा आणि शेजारी ग्रीकमध्ये: अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. कुणीतरी त्या पोराला चिडवलंय. मी हे चित्र पुस्तकात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नाही. त्या पोराला तो क्रूस शोभेसाठी नव्हता.

चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात ही शिक्षा बंद झाली आणि त्यानंतर हळूहळू क्रूस उघड दिसू लागला. त्याआधी तो दिसत नव्हता, पण हातात होता. इसवी सन 200 च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन लिहितो की आम्ही जोडे घालताना, दिवा लावताना, जेवायला बसताना कपाळावर ही खूण करतो. तुझ्या आजीचा बाजरीवर थांबलेला अंगठा मला त्याच रांगेतला वाटतो.

आणि सोनार चुकला नाही. चारही हात सारखे असलेला क्रूस फार जुना आहे, त्याला ग्रीक क्रूस म्हणतात.

पापडीचा बावा

जय येशू. गुरुजींनी वसईचं नाव घेतलं म्हणून लिहितो. आमच्याकडं रिकामा क्रूस कमी, येशूचं शरीर असलेला जास्त. प्रॉटेस्टंट भाऊ म्हणतात, तो उठलाय, मग क्रूस रिकामाच हवा. मला दोन्ही पटतं. पण मरणाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला मी शरीर असलेलाच देईन. माझ्या आईनं शेवटचे दोन दिवस तोच धरला होता. तिला दिसत नव्हतं, पण बोटांनी खिळ्यांच्या जागा चाचपायची.

मे महिन्यात आमच्या आळीच्या क्रुसापाशी संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हणायची प्रार्थना, होते. मेणबत्त्या, झेंडूचे हार, पोरांची गडबड. गळ्यातला क्रूस फादरांकडून आशीर्वादित करून घेतो. मोडला तर कचऱ्यात टाकत नाही, मातीत पुरतो.

आता ताईताचं. ताई, ताईत म्हणतो की संकट येणार नाही. क्रूस असं काहीच म्हणत नाही. आमच्या वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियांना 5 फेब्रुवारी 1597 ला जपानात नागासाकीला क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं, एकूण सव्वीस जण होते. क्रुसामुळं संकट टळत असतं तर ते वाचले असते. प्रभू स्वतः वाचला असता. आम्ही लहानपणी हेच ऐकलंय की संकटात तो आधीच जाऊन बसलाय. त्या माउलीला एवढं सांगितलंत तरी चालेल. आणि पोराच्या हाताला बांधू नका. तिला उद्या वाटायला नको की गाठ सैल बसली म्हणून पोरगं गेलं.

लीड्सहून

ताई, मीही नर्स, मूळची मिरजेची. इथं इंग्लंडमध्ये 2013 साली युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाचा निकाल खूप गाजला होता. विमान कंपनीतली एक बाई छोटा क्रूस दिसू दे म्हणून भांडली आणि जिंकली. त्याच दिवशी एक नर्स हरली. दृढीकरणापासून ती गळ्यात क्रूस घालत होती. न्यायालय म्हणालं, वॉर्डात पेशंटची सुरक्षा मोठी. तेव्हा वाईट वाटलं होतं. पण भ्रमातल्या पेशंटनं साखळी धरून ओढलेली मी स्वतः पाहिली आहे, त्यामुळं निकाल मला पटतो. मी माझा क्रूस युनिफॉर्मच्या खिशात आतून सेफ्टी पिनला लावते. कुणाला दिसत नाही. हात धुताना आठवतो, मला तेवढं पुरतं.

आजीचा क्रूस नवीन साखळीत घालायचा असेल तर झिजलेला हात सोनाराला भरून देऊ नका. पॉलिशसुद्धा नको.

रात्रपाळी

गुरुजी, काका, ताई, तिघांची उत्तरं पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गाढवाचं डोकं काढलं होतं होय?" आणि आजीची पोत बघायला मागितली.

काल सकाळी ड्यूटी सुटल्यावर जिन्यात मावशींजवळ बसले. क्रूस गळ्यात होता. म्हणाले, "मावशी, आमच्या देवाला ह्याच्यावर मारलं. त्याचा काही गुन्हा नव्हता. त्याची आई खाली उभी राहून बघत होती." पुढचं, तो तिसऱ्या दिवशी उठला ते, मला सांगायचं होतं. पण त्या 'आई' ह्या शब्दावरच थांबल्या. "आई होती तिथं?" म्हणाल्या. मी हो म्हणाले.

त्यांनी हात पुढं केला, मी दोरा उतरवून क्रूस तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला आणि त्यांचा अंगठा बरोबर त्या पातळ जागेवर गेला. "हा इथं झिजलाय." "माझ्या आजीनं झिजवलाय," मी सांगितलं. बांधायचं त्या परत बोलल्या नाहीत. डबा उघडला, मला चपाती दिली.

मुलगा अजून व्हेंटिलेटरवरच आहे. आज रात्री पुन्हा ड्यूटी. सेफ्टी पिन आणली आहे.