मदत हवी आहे: घरकुलांच्या स्लॅबला चुना मारायला ग्रामसभा तयार नाही

आर्णीकर:
यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. बहुतेक घरकुलं २५ चौ. मीटरची, वर उघडा स्लॅब. उन्हाळ्यात घर कमी तापावं म्हणून स्लॅबला चुन्याचा पांढरा थर द्यावा असं ग्रामपंचायतीने सुचवलं. लोक म्हणतात, बिल कमी होणार नाही, स्लॅब गळेल, आणि उद्या सक्ती करून दंड लावाल. सभेत काय मांडावं?

वर्धेकर:
भाऊ, बिलाचं लोक बरोबर बोलतात. एसी नसलेल्या घरात चुन्याने युनिट फारसे वाचत नाहीत. ते आश्वासन देऊच नका, नाहीतर पहिल्या बिलानंतर तुमचं कोणी ऐकणार नाही. रात्रीच्या झोपेचं बोला. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती धग खाली सोडतो. पांढऱ्या थराने आत साधारण दोन-तीन अंश फरक पडतो. शेजारची दोन सारखी घरकुलं घ्या, एकालाच चुना मारा. दोन्हींत एकाच उंचीवर थर्मामीटर टांगा, दुपारी ३ आणि रात्री ९ चे आकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहा.

बिलच कमी करायचं तर पंखा बदला. साधा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटचा. रोज १५ तास चालला तर महिन्याला २० युनिट वाचतात.

दंडाची भीती मात्र काढा. २०१८ ची इको निवास संहिता, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली, ५०० चौ. मीटर किंवा मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी आहे. ठरावातच ‘ऐच्छिक’ लिहा.

आर्णीकर:
आणि गळती?

वरूडकर:
गळती जुन्या भेगांतून होते, नाव चुन्याचं होतं. म्हणून आधी भेगा भरा, पन्हाळ मोकळी करा, पाणी ओतून उतार बघा. हे न करता चुना मारला तर पहिल्या पावसातच विषय संपला.

एका घराला ८-१० किलो चुना लागतो. कळीचा असेल तर पाण्यात थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका; उसळतो, डोळे जातात. रात्रभर भिजवून गाळा, चार भागांना एक भाग पांढरा सिमेंट आणि थोडा डिंक घाला. स्लॅब झाडून ओला करा, संध्याकाळी दोन हात मारा. भर दुपारी तापल्या स्लॅबवर मारलेला चुना पाणी उडून भुकटी होतो. काम मार्चमध्ये उरका. पावसाने धुपतो, दरवर्षी मारावा लागतो.

आर्णीकर:
टिनाची घरं?

वरूडकर:
टिनावर चुना टिकत नाही, पत्रा आकसतो-फुगतो आणि पापुद्रे निघतात. गंज घासून मेटल प्रायमर, त्यावर पांढरा ॲक्रिलिक रंग. सिमेंटचे पत्रे असतील तर कोरडे अजिबात घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो.