किंतानावर सरसरंग, ओटो म्युलरसारखा

फलक_बडोदे :
फाइन आर्ट्सच्या वर्गात म्युलर आडनावाच्या जर्मन कलावंतांवर बोलायचं आहे, सोबत एक नमुनाही करून न्यायचा आहे. शोधलं की ओटो, आल्बर्ट, आल्बिन आणि 'मालर म्युलर' सगळे एकत्रच येतात. यांना वेगळं कसं करायचं? आणि ओटोचा तो कोरडा, बिनचमकीचा पोत किंतानावर आणायला सरस किती घालायचा?

जुनी_चौकट :
मालर म्युलर म्हणजे फ्रीडरिश (१७४९–१८२५). चित्रकार आणि कवी, १७७८ मध्ये रोमला गेला तो तिथलाच झाला. तो बाजूला काढा.
आल्बिन (१८७१–१९४१) हस्तकलेतला. सुतारकाम शिकलेला, १९०६ पासून डार्मस्टाटच्या कलावंत वसाहतीत. कथिलाची, ओतीव लोखंडाची, सर्पेंटाइन दगडाची भांडी दिसली की तोच.
घोटाळा होतो आल्बर्टशी (१८९७–१९२६), कारण दोघेही अभिव्यक्तिवादी. पण तो बाझेलचा स्विस, काचचित्रण शिकलेला. रंगीत काच ओटोच्या नावावर दिसली तर आधी आल्बर्टचा संशय घ्या.
ओटो (१८७४–१९३०) शिळाछापाचा कारागीर म्हणून शिकला, १९१० मध्ये जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकारांच्या 'ब्र्युके' गटात आला. चित्रांवर वर्ष क्वचितच टाकायचा, त्यामुळे जालावरच्या तारखांवर विसंबू नका.

खलबत्ता :
सरसाचं सांगतो. गोणीचं जाड किंतान नको, हेसियन म्हणजे तागाचं बारीक विणीचं कापड घ्या. तागाला गिरणीत तेल लावलेलं असतं, ते पाणी झिडकारतं. म्हणून गरम पाण्यात साबणाने धुऊन, वाळवून मगच ताणा.
५० ग्रॅम सरस ५०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा. ६० अंशांच्या वर नको, उकळला तर चिकटपणा जातो. याचा एकच पातळ हात कापडाला द्या. रंगासाठी हाच सरस दीडपट पातळ करा.
युरोपातल्या कृतीत 'गार झाल्यावर जेली व्हावी' असं असतं. बडोद्याच्या उकाड्यात ती होणारच नाही, चमचाभर फ्रीजमध्ये ठेवून बघा. जेमतेम थरथरली तर ठीक. घट्ट वडी झाली तर सरस जास्त आहे, रंग तडकून पापुद्रे सुटतील. मुळीच धरली नाही तर बोटाला भुकटी लागेल.
गेरू, पिवडी, खडूची भुकटी आधी नुसत्या पाण्यात खला, मग कोमट सरस घाला. काजळी पाण्यावर तरंगते, तिला आधी थोडं स्पिरिट दाखवा. ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच उजळतो, म्हणून प्रत्येक छटा कागदाच्या पट्टीवर वाळवून पाहा. दुसरा हात फिरवताना खालचा थर विरघळतो, एकदाच, झपाट्याने.

फलक_बडोदे :
सरसाऐवजी फेविकॉल चालेल? आणि शेवटी वॉर्निश?

खलबत्ता :
फेविकॉलचा पापुद्रा प्लास्टिकसारखा होतो, चमक येते आणि पुन्हा ओला करून कडा मऊ करता येत नाहीत. वॉर्निश तर मुळीच नको. खडू पारदर्शक होऊन सगळं काळवंडतं.

जुनी_चौकट :
सध्याच्या पावसात सरसाला बुरशी धरते. भांड्यात लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका, उरलेला सरस फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा. चित्र पंख्याखाली वाळवा, मागची बाजू भिंतीला टेकवू नका. न्यायचं असेल तर काच रंगापासून अर्धा इंच दूर बसवा.