उत्तर: क्लीन चिट

वर विचारलंय की क्लीन चिट हा कायद्यातला शब्द आहे का, तर नाही, ना जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) होता ना तिच्या जागी आलेल्या आताच्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत). आणि गंमत म्हणजे चिट मुळात आपलीच चिठ्ठी! कंपनी सरकारच्या काळात साहेब लोकांनी तिचं आधी चिटी आणि मग चिट केलं, नोकर काम सोडून निघाला की त्याच्या वागणुकीबद्दल जो कागद देत तोही चिट. आपल्या चिटणीसातली चिट पण हीच बरं का.

आता पेपरवाले सगळ्यालाच क्लीन चिट म्हणतात, तिथे खरा घोळ होतो. समरी म्हणजे तपास बंद करताना पोलिस मॅजिस्ट्रेटला देतात तो रिपोर्ट; ब समरी दिली म्हणजे तक्रारच खोटी, क समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची, आणि अ समरी म्हणजे गुन्हा घडलाय पण आरोपी सापडत नाही, मग ती कसली डोंबलाची क्लीन चिट? शिवाय हे रिपोर्ट मॅजिस्ट्रेट नाकारू पण शकतो. आरोपनिश्चितीआधीच, म्हणजे खटल्यासाठी आरोप ठरवण्याआधीच, कोर्टाने सोडलं तर डिस्चार्ज, खटला चालून सुटला तरच निर्दोष मुक्तता.