मदत हवी आहे : पायांच्या डॉप्लर तपासणीच्या रेफरल अर्जात कोणती माहिती सक्तीची असावी?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्य सेवेच्या) कम्युनिटी नर्सिंग टीममध्ये काम करते. घराबाहेर पडू न शकणाऱ्या रुग्णांच्या पायांतील रक्तपुरवठा डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, तपासण्यासाठी जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि प्रॅक्टिस नर्स आमच्याकडे रेफरल पाठवतात. त्याचा अर्ज नव्याने तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. येथे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) आणि मधुमेह विभागांत काम करणारे काही जण आहेत, म्हणून सल्ला मागत आहे.

सध्याच्या अर्जात बहुतेक वेळा 'पायाला जखम आहे, डॉप्लर करावे' एवढेच लिहून येते. जखम घोट्याच्या वर आहे की पावलावर, किती आठवड्यांची आहे, मधुमेह आहे का, रात्री दुखणारा पाय पलंगाखाली सोडल्यावर बरे वाटते का, यांपैकी काहीच कळत नाही. परिणामी ज्याचा पाय रक्तपुरवठ्याअभावी धोक्यात आहे तो रुग्ण आणि ज्याला व्हेरिकोज व्हेन्समुळे (फुगलेल्या शिरांमुळे) जखम झाली आहे तो रुग्ण, असे दोघेही केवळ तारखेच्या क्रमाने एकाच यादीत लागतात. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

दुसरी अडचण अशी की, डॉप्लर होईपर्यंत कॉम्प्रेशन (पायाला दाब देणारी पट्टी किंवा मोजे) द्यायचेच नाही असा समज पक्का झाला आहे. नॅशनल वूंड केअर स्ट्रॅटेजीच्या शिफारशींनुसार धोक्याची लक्षणे नसतील तर २० मि.मी. पाऱ्यापर्यंतचे सौम्य कॉम्प्रेशन लगेच सुरू करता येते आणि एबीपीआयसह (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाच्या गुणोत्तरासह) संपूर्ण तपासणी १४ दिवसांत व्हायला हवी. हे अर्जातच कसे आणावे? तसेच पावलावर जखम असलेल्या मधुमेही रुग्णाचे रेफरल आमच्याकडे आले, तर ते स्वीकारावे का?

उत्तर

ताई, मी व्हॅस्क्युलर क्लिनिकमध्ये नर्स आहे. अर्जाची सुरुवात रुग्णाच्या इतिहासाने न करता धोक्याच्या लक्षणांनी करावी, असे मी सुचवेन. झपाट्याने पसरणारा संसर्ग किंवा सेप्सिसची शंका, अचानक थंड व फिकट पडलेला पाय, विश्रांतीतही न थांबणारी वेदना, गँगरीन, डीव्हीटीची (खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची) शंका, त्वचेच्या कर्करोगाची शंका, व्हेरिकोज व्हेनमधून रक्तस्राव, यांपैकी कशावरही खूण झाली तर 'हा अर्ज पाठवू नका, आजच संबंधित विभागाशी बोला' असे तेथेच ठळक छापावे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, त्यामुळे 'लाल आहे का' एवढ्यावर न थांबता पाय गरम, कडक किंवा नेहमीपेक्षा गडद झाला आहे का, हेही विचारावे. आपल्याकडच्या वयस्कर रुग्णांच्या बाबतीत हे अनेकदा निसटते.

मधुमेही रुग्णाच्या पावलावरील जखम तुमच्या यादीत थांबूच नये. नाइस या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेच्या सूचनांनुसार पाय धोक्यात असेल तर त्याच दिवशी रुग्णालय, अन्यथा एका कामकाजाच्या दिवसात मधुमेही पावलांची काळजी घेणारी फूट टीम.

मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार यांसाठी वेगळी चौकट ठेवा. अशा रुग्णांच्या धमन्या कॅल्शियम साचून कडक होतात, कफने नीट दाबल्या जात नाहीत आणि एबीपीआयचा आकडा १.३ च्या वर जातो किंवा फसवा 'नॉर्मल' येतो. त्यामुळे केवळ एबीपीआय चांगला आला म्हणून धमनीचा आजार नाही असे ठरवता येत नाही. डॉप्लरचा आवाज कसा होता हे नोंदवावे आणि पायाच्या अंगठ्याचा दाब कोठे मोजून मिळेल, तेही आधीच ठरवून ठेवावे. एबीपीआय ०.५ च्या खाली आला तर आमच्याकडे तातडीने पाठवा.

कॉम्प्रेशनसाठी 'सौम्य कॉम्प्रेशन सुरू केले का? नसल्यास कारण' असा सक्तीचा प्रश्न घाला. कारण लिहावे लागले की माणूस विचार करतो.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. धोक्याची लक्षणे पहिल्या पानावर घेते. एक शंका उरते : हृदयविकारामुळे सपाट झोपू न शकणाऱ्या रुग्णाचे मोजमाप आम्हाला खुर्चीतच घ्यावे लागते.

उत्तर

पाय हृदयाच्या पातळीखाली असला की घोट्याचा दाब जास्त येतो आणि एबीपीआय खऱ्यापेक्षा चांगला दिसतो, म्हणून त्या आकड्यावरून जोरदार कॉम्प्रेशन सुरू करू नये. शक्य तितके मागे रेलवून पाय उचलून घ्या, स्थिती निकालावर लिहा, आणि शंका असेल तर ड्युप्लेक्ससाठी (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीसाठी) पाठवा. अर्जात 'सपाट झोपता येते का' आणि 'हार्ट फेल्युअर सध्या नियंत्रणात आहे का' हे दोन्ही प्रश्न असू द्या. ते नियंत्रणात नसेल तर कॉम्प्रेशनचा निर्णय हार्ट फेल्युअर टीमला विचारूनच घ्यावा.