पोराच्या जामिनाले सातबारा देऊ का नाही?

कापूसवाली_माय
नमस्कार. पहिल्यांदाच लिहून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही घाटंजीकडले, साडेतीन एकर कोरडवाहू. मुलगा २४ वर्षाचा, वायरमनचा आयटीआय झाला. पुण्याले कंपनीत आठ महिने होता मग वापस आला तो घरीच. दिवसभर मोबाईलवर पैसे लावून पत्ते, मग कर्जाच्या ॲपवाल्यांचे फोन माझ्या फोनवर, शिव्या पण द्यायचे. मागच्या वर्षी एकाच्या विहिरीवरची केबल काढली त्यानं, तेव्हा मी कानातले मोडून भरून देलं आन गावातच मिटवलं.

आता मोटारसायकल. आमची सीतादही (कापूस वेचणीची पूजा) झाली त्याच आठवड्यात पोलीस आले, कोठ्यातल्या कुटाराच्या (भुशाच्या) ढिगातून गाडी काढली, पंचनामा केला, त्याले घेऊन गेले. खरं सांगते, मले तीन दिवसापासून माहीत होतं. बैलाले कुटार काढायले गेली तं हाताले सायलेन्सर लागला. मी वरून अजून दोन टोपले कुटार टाकून आली. त्याच्या बापालेही सांगितलं नाही.

आता जिल्ह्याच्या जेलात आहे. वकील म्हणते जामीन होईल पण जामीनदार पाहिजे, सातबारा आणा. हे म्हणतात सातबाऱ्याचं नाव काढू नको, पुढच्या वर्षी पोरीचं लग्न आहे, लोक काय म्हणतील ते वेगळंच. गावातला एक जण म्हणते चाळीस हजार द्या, सेटिंग लावतो. आन मले भेव वाटते का पोलीस मलेही बोलावतील. काय करू?

दारव्हा_लाईन
राहू द्या आत. स्पष्ट बोलतो, राग नका मानू. केबलच्या वेळीच पोलिसात दिला असता तर आज ही पाळी नसती. कानातले गेले, आता वावर जाईल.

काळी_माती
भाऊ, बोलणं सोपं असते. माझा पोट्टा वर्ध्याचा. तिथं कितीतरी वर्षापासून दारूबंदी आन यानं तिथंच दारू पोचवायचा धंदा धरला, रात्री गाडीवर. पहिल्यांदा धरला तेव्हा मीच जामीनदार झालो. दोन तारखांले गेला, तिसरीले गेलाच नाही. मग त्याच्यावर वॉरंट आन कोर्टाची नोटीस मले, का तुमचा माणूस हजर करा नाही तर बॉन्डचे पैसे भरा. पंधरा हजार भरले, त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, माणूस काय करन.

दुसऱ्यांदा धरला तेव्हा मी वकील देला पण जामीनदार नाही झालो. मुलाकातीले जाऊन त्याले तोंडावर सांगितलं, वकिलाची फी माझी, सही माझी नाही. तो जाळीपलीकडून पाहतच राह्यला. याच्या मायनं मले महिनाभर बोलणं बंद केलं. पण ताई, वकील देणं आन जामीनदार होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकत्र करून टाकतात. त्याले पोरका करू नका, पण आपल्या खांद्यावर बसवूही नका.

काळा_कोट
ताई, पहिले ते कुटाराचं लिहिलेलं इथून काढा. अशा गोष्टी फक्त आपल्या वकिलाला सांगायच्या. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईमाणसाला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, तिच्या राहत्या घरीच विचारावं लागतं. पूर्वी फौजदारी संहितेत होतं, आता १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही आहे.

सातबारा दिला म्हणजे वावर गेलं असं नाही. तुम्ही हमी घेता की हा तारखेला येईल. नाही आला तर बॉन्डवर लिहिलेली रक्कम भरायची, ती नाही भरली तर वसुली निघते. म्हणून रक्कम किती ते आधी पाहा. अजून एक, जे लोकांना माहीतच नसतं: जामीनदाराला नंतर कोर्टात अर्ज करून मोकळं होता येतं. मग कोर्ट पोराला बोलावतं, दुसरा जामीनदार आण म्हणतं, नाही तर तो परत आत. जमीन लावायचीच नसेल तर रोख भरू द्या असा अर्ज वकिलाला करायला सांगा, मंजूर करणं कोर्टाच्या हातात. जामीन होऊनही महिनाभरात बॉन्ड भरता नाही आला तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये तसं सांगितलंय.

फक्त साध्या चोरीचंच कलम असेल (नव्या न्याय संहितेचं ३०३, जुन्या दंड संहितेचं ३७९) तर शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पहिल्या रिमांडपासून (कोर्टाने कोठडी दिली त्या दिवसापासून) ६० दिवसांत दोषारोपपत्र नाही आलं तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण तो मागावा लागतो, आपोआप कोणी सोडत नाही. आणि कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न किती हे बघत नाहीत. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन १५१००. त्या चाळीस हजारवाल्याला दारातही उभं करू नका.

दारव्हा_लाईन
काळी माती भाऊ, मी जरा जास्तच बोललो. ताई, पोरगा सुटला तरी पत्त्यांचं काय? माझा चुलतभाऊ तसाच गेला, सिम बदललं तर दुसऱ्याच्या फोनवर खेळे. १४४१६ वर फोन करा, टेलिमानस म्हणतात, मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनसेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाही. आधी तुम्ही बोला, तो नंतर.

कापूसवाली_माय
कुटाराचं काढता येऊन नाही राह्यलं, बटनच दिसत नाही. जाऊ द्या. १५१०० वर बोलली, उद्या कोर्टात समितीत जायला सांगितलं. याच्या बापाले काल रात्री सगळं सांगितलं, सायलेन्सरचं पण. ते काही बोलले नाही, कोठ्यात जाऊन उरलेलं कुटार बाहेर काढत बसले अंधारात, बॅटरी पण नाही नेली. सकाळी म्हणे मी पण येतो. सातबाऱ्याचं अजून ठरलं नाही, बॉन्ड किती रुपयाचा ते पहिले विचारतो.

एक विचारायचं होतं, त्याले भाकर आन वांग्याची भाजी आवडते, कोर्टात नेली तं देऊ देतात का?

काळी_माती
तारखेले आणला असन तं सोबतच्या पोलिसाले विचारून पाहा, कोणी देऊ देते कोणी नाही. जेलात घरचा डबा कोर्टाच्या ऑर्डरशिवाय नाही जात.