ब्रँडेड डेस्कटॉपचा बोर्ड (मदरबोर्ड) गेला, तर जुन्याच कॅबिनेटमध्ये नवा बसवावा का?

जाडपत्रा (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो: बसवावा. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचे ब्रँडेड टॉवर कंपन्यांच्या लीजमधून सुटून घराघरांत पोचले आहेत. त्यातल्या एखाद्याचा बोर्ड गेला की दुकानदार म्हणतो, "ब्रँडेडचं काही मिळत नाही, असेंबल्ड घ्या." मग सगळा डबा भंगारात जातो. मला हे अजिबात पटत नाही.

मायक्रो-एटीएक्स हा बोर्डाचा आकार १९९७ पासून ठरलेला आहे. बोर्ड जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिमी, आणि स्क्रूच्या भोकांच्या जागाही पक्क्या. टॉवर मॉडेलमध्ये असा बोर्ड थोड्या खटपटीने बसवता येतो. एच६१० चिपसेटचा बोर्ड, बाराव्या पिढीचा आय३-१२१०० प्रोसेसर, डीडीआर४ रॅम आणि नवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) घ्यायचा, हार्डडिस्क जुनीच ठेवायची. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे बोर्ड बदलायची वेळ आलीच आहे, तर त्यात हाही प्रश्न सुटतो.

आणि तो पत्रा एकदा हातात घेऊन बघा. आज स्वस्तात मिळणारी काचेची, रंगीत दिव्यांची कॅबिनेट एका कोपऱ्यातून उचलली की पिळतात. जुन्या टॉवरचं दार लॅच ओढून उघडतं, ड्राइव्ह स्क्रूशिवाय निघते. विचार करून बनवलेली वस्तू आहे ती.

गल्लीतला_मेकॅनिक

असहमत. पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास रिपेअरिंगचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकार जुळला म्हणजे काम झालं असं नाही. डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवर घ्या. त्याच्या एसएमपीएसमधून बोर्डाकडे नेहमीचा २४ पिनांचा नाही, ८ पिनांचा कनेक्टर जातो. वीज येते ती फक्त १२ व्होल्टची, ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. हार्डडिस्कची वीजसुद्धा बोर्डावरूनच निघते. एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१मध्ये हाच कनेक्टर ६ पिनांचा. त्यामुळे नवा बोर्ड घेतला की जुना एसएमपीएस बाद. ऑनलाइन २४-टू-८ची केबल दिसते आणि लोकांना वाटतं सुटलो. ती केबल साधा एसएमपीएस डेलच्या बोर्डाला जोडण्यासाठी असते, इथे तिचा काही उपयोग नाही.

पुढे फ्रंट पॅनल. पॉवर बटण, एलईडी यांच्या वायरी कंपनीच्या स्वतःच्या एकाच ठोकळ्यात असतात, नव्या बोर्डाच्या पिनांवर तो बसत नाही. प्रोसेसरवरच्या कूलरचे स्क्रू बऱ्याच मॉडेलमध्ये बोर्डातून आरपार थेट कॅबिनेटच्या पत्र्यात जातात. मागे पोर्टांसाठी बदलता येणारी पट्टी नसते, भोकं पत्र्यातच कापलेली असतात.

आता हिशेब मांडा. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कूलर, सगळं नवीन घेतलंत. वाचलं काय? कॅबिनेट, म्हणजे त्या मानाने स्वस्त वस्तू. त्यासाठी कापाकापी करायची आणि गिऱ्हाइकाकडून त्याची मजुरी घ्यायची हे माझ्या मनाला पटत नाही.

कोकणी_माणूस

मेकॅनिकभाऊंना +१. त्याहून जुन्यांचं तर नावच नको. ऑप्टिप्लेक्स ७४५, ७५५ हे बीटीएक्स पद्धतीचे, म्हणजे नेहमीच्या एटीएक्सपेक्षा वेगळ्या मांडणीचे. त्यांच्यात बोर्ड कॅबिनेटच्या दुसऱ्या बाजूला बसतो. एटीएक्स बोर्ड तिथे लावायला गेलं की सगळंच उलटं.

संगणककक्ष

तुम्ही दोघंही नवा बोर्ड गृहीत धरून बोलताय. त्याच मॉडेलचा सेकंडहँड बोर्ड हा पर्याय कुणीच काढला नाही.

मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेतला संगणक कक्ष सांभाळते. सगळी मशिनं एकाच मॉडेलची, कंपनीतून निवृत्त होऊन आलेली. एखाद्याचा बोर्ड गेला की तसाच जुना बोर्ड मागवते. एसएमपीएस, प्रोसेसर, डीडीआर३ रॅम, कूलर, फ्रंट पॅनल, सगळं होतं तसंच राहतं. ना कानस लागते, ना ग्राइंडर. बंद पडलेलं मशीनही मी टाकत नाही, ते इतरांसाठी सुट्या भागांचं भांडार होतं.

घेताना दोन गोष्टी मात्र पक्क्या बघा. या प्रोसेसरच्या पिना बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात, म्हणून पैसे देण्याआधी सॉकेटचा जवळून काढलेला फोटो मागा. एक पिन वाकलेली असली तरी बोर्ड चालू होईलच असं नाही. आणि बोर्ड कंपनीतून आलेला असेल तर बायोसला (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) पासवर्ड नाही ना, हे विचारा. नाहीतर तो काढायचं काम आपल्या माथी येतं.

विंडोज ११ मिळणार नाही हे मान्य. आमच्याकडे विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली आहे. मुलं टायपिंग, स्प्रेडशीट, स्क्रॅच (मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंग), सगळं त्यावर शिकतात.

जाडपत्रा

ताई, शाळेसाठी तुमचा मार्ग योग्यच. पण घरी एकच मशीन असतं आणि अनेकांना विंडोजच लागतं. तेवढाच जुना दुसरा बोर्ड घालून मी फक्त पुढच्या बिघाडाची वाट बघत बसणार.

मेकॅनिकभाऊ, एसएमपीएस मी आधीच खर्चात धरला होता. टॉवरमध्ये बहुधा साध्या एटीएक्स मापाचा बसतो, स्लिम मॉडेलमध्ये नाही. स्लिमवाल्यांनी या वाटेला जाऊच नये, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पॉवर बटणाचा एवढा बाऊ का? दोन वायरी क्षणभर जोडणारा स्विच तो. मल्टिमीटरने जोडी शोधायची आणि साध्या पिना लावायच्या. मागचा पत्रा १५९ बाय ४४.५ मिमी कापला की नव्या बोर्डासोबत आलेली पट्टी तिथे बसते. एका दुपारचं काम. वस्तू वापरात राहावी असं ज्याला मनापासून वाटतं, तो ही दुपार देईल. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण घरातलं कॅबिनेट वाचवायचं की नाही हे आपणच ठरवायचं असतं.

गल्लीतला_मेकॅनिक

ई-कचऱ्याचा मुद्दा मला उलटा दिसतो. पत्रा भंगारवाल्याकडून वितळायला जातो आणि त्याचा पुन्हा पत्रा होतो. नीट विल्हेवाट लावावी लागते ती बोर्डाची. तुमच्या पद्धतीत जुना बोर्ड, एसएमपीएस आणि चालू स्थितीतला प्रोसेसर बाहेर पडतो आणि पत्रा राहतो. ताईंच्या पद्धतीत एकटा मेलेला बोर्ड बाहेर पडतो. वाचवायचंच असेल तर त्यांचा मार्ग धरा.

लायसन्सचंही बघा. मशिनीबरोबर आलेलं विंडोज त्या बोर्डाशी बांधलेलं असतं. वेगळा बोर्ड लावलात की ते चालत नाही, नवं विकत घ्यावं लागतं. हा खर्च तुमच्या यादीत नव्हता.

तरीही कुणी करणारच असेल, तर बोर्ड ठेवण्याआधी त्याच्या मापाचा कागद कापून आत ठेवा आणि भोकं जुळवून बघा. या कॅबिनेटमध्ये बोर्ड टेकायचे उठाव पत्र्यातच ठोकलेले असतात. ज्या उठावावर नव्या बोर्डाचं भोक येत नाही तो सपाट करा, नाहीतर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होईल. कापलेल्या पत्र्याचा कीसही पूर्ण झाडून काढा. एक कण राहिला तरी तोच धोका.

जाडपत्रा

लायसन्सचा मुद्दा मान्य, तो खर्च धरायला हवा. टॉवर असेल तर माझं मत कायम आहे.