शब्दचर्चा: हळहळ, रुखरुख, हुरहूर, चुटपुट. बॅरी सँडर्सच्या चाहत्यांना नेमकं काय लागून राहिलंय?

मूळ प्रश्न

डेट्रॉइट लायन्सचा माजी रनिंग बॅक बॅरी सँडर्स याच्यावर मी मराठीत एक टिपण लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: रनिंग बॅक म्हणजे चेंडू काखेत घट्ट धरून समोरच्या अकरा जणांतून वाट काढत पळणारा गडी. त्याचं मोजमाप यार्डांत होतं. एका सामन्यात 100 यार्ड झाले की दिवस सत्कारणी लागला म्हणायचं.

माझं वाक्य असं आहे: 'बॅरी निवृत्त होऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी डेट्रॉइटकरांना अजून … लागून राहिली आहे.' गाळलेल्या जागी काय घालावं?

शब्दकोश उघडला तर चारही शब्द एकमेकांच्या अर्थात दिलेले सापडतात. पण बोलताना आपण ते अदलाबदल करून वापरत नाही. माझ्या कानाला फरक असा लागतो.

हळहळ बहुतेक दुसऱ्यासाठी असते आणि ती चारचौघांत होते. 'सारं गाव हळहळलं.' दोन-चार दिवसांत ओसरते. हुरहुरीला धड कारण सांगता येत नाही, म्हणून तर 'अनामिक हुरहूर' ही जोडी इतकी रुळली. रुखरुखीत स्वतःचा हात असतो: जायला हवं होतं, गेलो नाही. आणि चुटपुट म्हणजे ताटातलं आवडीचं संपायच्या आत ताट उचललं गेल्यावर जे होतं ते. पोट भरलेलं असतं, मन नाही.

आता बॅरीची हकिकत पाहा. 1989 मध्ये लायन्सनी त्याला घेतलं. दहा मोसम तो खेळला आणि दहाही मोसमांत हजार यार्डांच्या वर गेला. एकूण 15,269 यार्ड. आधीच्या पिढीतला रनिंग बॅक वॉल्टर पेटन याचा तेव्हाचा विक्रम 16,726 चा होता, म्हणजे बाकी राहिले 1,457. बॅरीच्या चालीने एका मोसमाचं काम, फार तर दीड मोसमाचं. अंगावर मोठी दुखापत नाही, वय नुकतंच 31. आणि 1999 च्या जुलैअखेरीस, सराव शिबिराच्या तोंडावर, त्याने आपल्या गावच्या 'विचिटा ईगल' या वर्तमानपत्राला फॅक्सने निवेदन धाडलं. खेळत राहण्याच्या इच्छेपेक्षा खेळातून बाहेर पडण्याची इच्छा मोठी आहे, एवढंच त्याचं सार. ना निरोपाचा सामना, ना पत्रकार परिषद.

मला 'चुटपुट' पटते. पण शब्द जरा लहान वाटतो, पंचवीस वर्षांचं ओझं पेलेल का, ही शंका आहे. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद (फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन)

आम्ही नव्वदीच्या दशकात इकडे आलो. यजमान गाड्यांच्या कारखान्यात, मी घरी, मुलं लहान. तेव्हा सोमवारी सकाळी शाळेच्या दारात काय, दुकानात काय, एकच विषय असायचा. लायन्स जिंकले की हरले हे नंतर, आधी बॅरीने काल काय केलं ते. संघ हरला असला तरी लोकांचे डोळे चमकायचे.

खेळ मला कळायला वेळ लागला, बॅरी लगेच कळला. उंची पाच फूट आठ इंच, आजूबाजूला सगळे धिप्पाड. त्याच्या हातात चेंडू गेला की सिल्व्हरडोम या लायन्सच्या तेव्हाच्या मैदानातले लोक उठून उभे राहायचे, अजून काही घडलेलं नसतानाच. पुष्कळदा तो मागे ढकलला जायचा, दोन यार्ड वजा. तरी पुढच्या वेळी लोक पुन्हा उभे.

1997 च्या थँक्सगिव्हिंगचा (नोव्हेंबरातला इकडचा सण) सामना आमच्याकडे जेवणावळ सुरू असताना लागला होता. शिकागो बेअर्सविरुद्ध 167 यार्ड आणि तीन टचडाउन, म्हणजे तीनदा चेंडू घेऊन थेट समोरच्यांच्या टोकाला. त्याच दिवशी त्याने एरिक डिकरसनला मागे टाकलं आणि यार्डांच्या सर्वकालीन यादीत दुसरा झाला. वर फक्त पेटन. पाहुण्यांपैकी निम्म्यांना नियम ठाऊक नव्हते, पण पानं वाढून ठेवली तरी कुणी दिवाणखान्यातून उठेना.

शब्दाबद्दल म्हणाल तर माझं मत हुरहुरीला. दर थँक्सगिव्हिंगला लायन्सचा सामना लागला की मला अजून तसंच काहीतरी होतं, आणि त्याचा विक्रमाशी काही संबंध नसतो. मुलं मोठी झाली, घर रिकामं झालं, त्यातच बॅरीही आला. तुमच्या वाक्यात ते बसत नसेल, पण त्याची आठवण काढताना मला लागते ती हुरहूरच.

प्रतिसाद (अमरावती)

मी खो-खोवाला. हा खेळ मला परका, पण तुमचं वाचून बॅरीच्या जुन्या चित्रफिती शोधून पाहिल्या आणि रात्रीचे दोन वाजले. म्हणून तुमच्या चार शब्दांआधी एक वेगळा मुद्दा मांडतो. त्याच्या पळण्याला काय म्हणणार आहात? 'चकवलं' लिहू नका, फार कोमट होतं.

आमच्याकडे हूल आणि हुलकावणी यांत फरक करतात. हूल म्हणजे खोटी खूण. खांदा डावीकडे टाकायचा आणि जायचं उजवीकडे. समोरच्याने ती खरी मानली तरच ती हूल. हुलकावणीत खोटेपणा असायलाच पाहिजे असं नाही. समोरचा झडप घालतो आणि त्याच्या हाती काही लागत नाही, एवढं पुरतं. म्हणून पाऊस हुलकावणी देतो. पावसाने हूल दिली असं निदान मी तरी ऐकलेलं नाही, कारण पावसाच्या मनात डाव नसतो.

बॅरीचं पाहा. 1994 चा न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धचा तो प्रसंग. हार्लन बार्नेट नावाचा बचावपटू एकटा त्याच्यासमोर. बॅरी क्षणभर पाय आपटतो, थबकल्यासारखा, बार्नेट एका बाजूला झुकतो, मग दुसऱ्या, आणि स्वतःभोवतीच अख्खी गिरकी घेतो. तोवर बॅरी त्याच्या बाजूने निघून गेलेला. ही खरी हूल. पण कित्येकदा तो हूल देतच नाही. भर वेगात असताना एक पाय रोवतो आणि दिशाच बदलतो. समोरच्याने अंग झोकून दिल्यावर मागे फिरणं शक्य नसतं, बॅरीला असतं. मांड्या जाड, कंबर खाली, तोल जमिनीलगत. ती हुलकावणी.

तिसरा प्रकारही आहे, त्याला आपल्याकडे 'तावडीतून निसटणे' याहून चांगलं काही नाही. जानेवारी 1992 चा डॅलस काउबॉइजविरुद्धचा सामना पाहा. तो गर्दीत शिरतो, तीन-चार जणांचे हात त्याच्यावर पडतात, क्षणभर दिसेनासा होतो. वाटतं, झालं, बसला. आणि त्याच घोळक्यातून बाहेर पडून 47 यार्डांचा टचडाउन. लायन्स 38-6 ने जिंकले.

प्रतिसाद (पुणे)

खो-खोवाल्यांनी छान उलगडलं. 'हातावर तुरी देणे' राहिलं, तेवढं जोडतो. 'गुंगारा देणे' मात्र मैदानावर नको, त्याला पोलिसांचा वास येतो. पण 1999 च्या फॅक्सला गुंगारा चपखल बसेल का? किंवा 'काढता पाय घेतला'? संघाशी करार होता, त्यातली वर्षं शिल्लक होती, आणि नंतर आगाऊ घेतलेल्या बोनसचा काही भाग त्याला परत करावा लागला असं मीही वाचलंय. चाहते तेव्हा रागावले होतेच की.

मूळ प्रश्नकर्ता

रागावले होते, हे खरं. पण 'गुंगारा' मला पूर्ण अमान्य आहे. गुंगाऱ्यात देणं बुडवून पळणं येतं. बॅरी चाहत्यांचं काय देणं लागत होता? 1998 मध्ये तो 1,491 यार्ड पळाला, आणि संघ पाच सामने जिंकला, अकरा हरला. दहा वर्षांत बाद फेरीचा एकच सामना लायन्स जिंकले, तो वर सांगितलेला डॅलसविरुद्धचा. पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनने त्यांना 41-10 ने हरवलं. सततच्या हरण्याने मन उडालं असं त्याने नंतर सांगितलंय. 'काढता पाय' घेणारा अवघड जागेतून नजर चुकवून सटकतो. हा माणूस दहा वर्षं सगळ्यांच्या नजरेसमोर मार खात होता. साधं 'बाहेर पडला' लिहीन. त्याच्या निवेदनातही तेच आहे.

हूल आणि हुलकावणीचा फरक मी जसाच्या तसा घेतोय. त्यातून आणखी एक वाक्य सुचलं: बॅरीने बचावपटूंना हुलकावणी दिली आणि सुपर बोलने बॅरीला. (सुपर बोल म्हणजे मोसमाचा अंतिम सामना.) दोन्हीकडे क्रियापद तेच, ओढूनताणून काही करावं लागत नाही.

फार्मिंग्टनच्या ताईंची हुरहूर मला खरी वाटते, पण ती त्यांच्या त्या वर्षांची आहे. माझं वाक्य डेट्रॉइटबद्दल आहे, आणि तिथे कारण सांगता येतं. 1,457 हा आकडा त्या पिढीतल्या कुठल्याही चाहत्याला विचारा.

प्रतिसाद (ट्रॉय, मिशिगन)

मग 'रुखरुख' का नको, हे कुणी बोललंच नाही, आणि माझ्या मते सगळा उलगडा तिथेच आहे.

1989 चा शेवटचा सामना, अटलांटाविरुद्ध. बॅरीचं पहिलंच वर्ष. सामना खिशात होता. कॅन्सस सिटीचा क्रिश्चन ओकोये त्या मोसमात 1,480 वर होता आणि बॅरी 1,470 वर. दहा यार्ड धावला की बरोबरी, अकरा धावला की पहिल्याच वर्षी अव्वल. प्रशिक्षक वेन फाँट्स यांनी त्याला विचारलं, आत जायचंय का. तो नको म्हणाला. बाकीच्यांना खेळू द्या, जिंकू आणि घरी जाऊ.

टचडाउन केल्यावरही तसंच. या खेळात चेंडू जमिनीवर आपटायची, नाचायची पद्धत. बॅरी पंचाकडे जाऊन त्याच्या हातात चेंडू द्यायचा आणि वळायचा. माझा मुलगा शाळेच्या मैदानावर तसंच करायचा, नाचणाऱ्या पोरांच्या घोळक्यात हा एकटा चेंडू परत द्यायला निघालेला. बॅरीचे वडील छपरं बसवायचं आणि सुतारकाम करायचे, विचिटात. ते तर उघड सांगायचे की सर्वश्रेष्ठ जुन्या काळचा रनिंग बॅक जिम ब्राउनच, माझा मुलगा नव्हे.

ज्याने दहा यार्डांसाठी बाक सोडलं नाही, तो 1,457 यार्डांसाठी आणखी एक मोसम रेटेल, असं लोकांनी का धरून चालावं? त्याला आकड्यांची हाव नव्हती. 1997 च्या पहिल्या दोन सामन्यांत तो 33 आणि 20 यार्डांवर अडकला होता. मग सलग चौदा सामन्यांत शंभरच्या वर, आणि शेवटच्या सामन्यात जेट्सविरुद्ध 184 करून मोसमाचे 2,053. तेव्हाही त्याचा चेहरा पाहा, बदलत नाही.

म्हणून रुखरुख लागायची तर त्याला लागायला हवी होती, करण्यासारखं करणं त्याच्या हातात होतं. त्याला ती लागल्याचं कधी दिसलं नाही. चाहत्यांच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून त्यांच्या वाट्याला रुखरुख येतच नाही. पाहणाऱ्याला लागते ती चुटपुट. तुमचा शब्द बरोबर आहे, आणि तो लहान आहे हेच बरं. मोठा शब्द घातलात तर दुःख वाटेल. बॅरीबद्दल बोलताना इथे कुणी दुःखी होत नाही, लोक हसत हसत हातवारे करून त्याची धाव दाखवतात आणि शेवटी मान हलवतात.

पेटनसाठी मात्र मी वेगळा शब्द वापरीन. ज्याचा विक्रम बॅरीने तसाच राहू दिला, तो पेटन 1999 मध्येच, 1 नोव्हेंबरला गेला. त्याच्याबाबतीत 'चटका लावून गेला' म्हणावं. जिवंत माणसाला ते लावू नये.

प्रतिसाद (फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन)

पटलं. रुखरुखीचं हे मला सुचलं नव्हतं. एक विचारते: 2023 च्या सप्टेंबरात लायन्सच्या फोर्ड फील्ड मैदानाबाहेर त्याचा पुतळा बसला, आणि 2024 च्या जानेवारीत लायन्सनी रॅम्सना 24-23 ने हरवून बाद फेरीचा सामना जिंकला, डॅलसनंतर पहिल्यांदाच. आता 'अजून लागून राहिली आहे' म्हणायचं की 'होती'?

मूळ प्रश्नकर्ता

'आहे'च ठेवतो, ताई. त्या विजयाने संघाबद्दलची हळहळ संपली असेल. बॅरीचे 1,457 तिथेच आहेत. वाक्य आता असं झालंय: 'बॅरी सँडर्स बाहेर पडून पंचवीस वर्षं उलटली, तरी डेट्रॉइटकरांना त्याची चुटपुट लागून राहिली आहे, त्याला स्वतःला रुखरुख नाही.' 'त्याची' म्हणजे बॅरीची की बाहेर पडण्याची, हे संदिग्ध राहतंय. 'त्या बाहेर पडण्याची' केलं तर वाक्य जड होतं. कुणाला याहून सुटसुटीत रचना सुचली तर सांगा, टिपण आठवडाअखेरीस पाठवायचंय.